कोणाचा नंबर आधी

गेर्नोट लिंडनर यांना आयुष्यात एकाच गोष्टीचा मनस्वी तिटकारा, वशिल्याचा. पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये त्यांची उमेदीची वर्षं रांगांत गेली. रस्त्यात रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग पुढच्याला विचारायचं, काय मिळतंय हो? कधी संत्री निघायची, कधी बूट. ज्याचा मेहुणा दुकानात, त्याची पिशवी मात्र मागच्या दारानं भरून जायची. म्हणून विद्यापीठात त्यांनी कर्नेल, म्हणजे संगणकातल्या सगळ्या प्रोग्रामांच्या तळाशी बसणारा गाभा, लिहायला घेतला तेव्हा प्रोसेसर कोणत्या प्रोग्रामला कधी द्यायचा याचा नियम थेट गाभ्यातच पुरून टाकला. जो जास्त थांबला, त्याचा नंबर आधी. बाहेरून कोणाचा हात पोचणार नाही अशा जागी.

बर्लिनची भिंत पडली, दुकानं भरली, पण नियम तसाच राहिला.

त्यांची विद्यार्थिनी रोसविटा आता ती प्रयोगशाळा चालवायची. तिचं म्हणणं नेमकं उलट. गाभ्यानं फक्त एका प्रोग्रामला उठवावं, दुसऱ्याला बसवावं. कोणाला, ते बाहेरच्या एका प्रोग्रामनं ठरवावं, ज्याला कामाची जाण आहे. यावरून दोघांचं वर्षानुवर्षं वाजायचं. मग एका रुग्णालयानं अतिदक्षता विभागातल्या यंत्रासाठी हा कर्नेल चाचणीला घेतला, आणि नाडी थांबल्याची घंटा अहवाल छापणाऱ्या प्रोग्रामच्या मागे मुकाट रांगेत उभी राहिली. नशीब, पलंगावर माणूस नव्हता, बाहुली होती.

पण रोसविटाची झोप उडाली होती ती घंटेनं नव्हे. सरांच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. शस्त्रक्रियेच्या यादीत त्यांचं नाव होतं, आणि डॉक्टर बेरेंड स्वतः फोन करून म्हणाल्या होत्या, प्रकृती ढासळतेय, आधी घेते तुम्हाला, या. सर गेले नाहीत. का, तर बेरेंडबाई रोसविटाच्या शाळेतल्या मैत्रीण.

"वशिल्यानं मिळालेल्या पलंगावर मला झोप लागायची नाही," असं ते म्हणाले होते.

त्या सकाळी ते दर मजल्यावर थांबत प्रयोगशाळेत आले. ओठ निळसर दिसत होते. रोसविटानं नवा कर्नेल सुरू केला, ठरवणारा प्रोग्राम बाहेर ठेवून. कामाचा भार वाढवला आणि सगळं ठप्प झालं.

सर पडद्याकडे बघत राहिले, मग खुदकन हसले.

"तुझ्या त्या ठरवणाऱ्या साहेबांना उभं कुठं केलंयस?"

"सगळ्यांबरोबर, रांगेत. त्याला कशाला वेगळी वागणूक?"

"धन्य आहे! खिडकीवरचा कारकूनच रांगेत शेवटी उभा. मग खिडकी उघडणार कोण?"

"तुमच्याच हाताखाली शिकलेय. दुसरं काय होणार?"

"मग गाभ्याकडे एवढं एकच काम राहू दे. बाकी काही ठरवायचं नाही, पण ठरवणाऱ्याला वेळेवर उठवायचं."

तिनं तसं केलं. पुन्हा भार टाकला. घंटा तत्काळ वाजली, छपाई निमूट थांबली.

"घंटेनं वशिला लावला म्हणायचं का, सर?"

"नाही. तिची निकड होती."

"आणि तुमची?" रोसविटाचा आवाज चढला. तिला त्यांचा राग आला होता आणि तो लपवायची तिची इच्छा नव्हती. "निकड बघून ठरवलं की तो वशिला? बेरेंड माझी मैत्रीण आहे म्हणून तिला नाडी कळत नाही? तत्त्वापायी मरायचंय तुम्हाला?"

सरांनी कळफलक ओढून घेतला. गाभ्यात अजून उरलेला आपला नियम शोधला आणि ओळीमागून ओळ पुसून टाकला.

"लाव फोन," ते म्हणाले. "ज्यांना कळतं, त्यांना ठरवू दे."

बेरेंड फोनवर आल्या. पलंग त्यांनी आदल्या दिवशी एका तरुण बाईला दिला होता. ती नुकतीच दाखल झालेली, सरांहूनही अत्यवस्थ. पुढचा पलंग कधी रिकामा होईल, सांगता येत नव्हतं.

"अगं, पण ती आत्ता आली!" रोसविटा ओरडली. "सर केव्हाचे थांबलेत! त्यांचा नंबर आधी..."

आपण काय बोलतोय ते तिच्याच कानांनी ऐकलं आणि ती मध्येच थांबली. तरीही तिला तो जुना नियम परत हवा होता, निदान आजच्या दिवसापुरता. तिनं रिसीव्हर घट्ट धरला. "माझ्यासाठी म्हणून काहीतरी कर. एवढं एकदाच."

सरांनी तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"डॉक्टर, मी लिंडनर. हिचं मनावर घेऊ नका. तुम्ही बरोबर केलंत."

रिसीव्हर ठेवून ते खुर्चीत मागे टेकले. रोसविटा रडत होती. त्यांनी तिला रडू दिलं.

"मला फार भीती वाटतेय गं," ते म्हणाले. "पण तक्रार नाही."