मान डोलते तोवर

मी एक जुनी, मान डोलावणारी बाहुली आहे, मित्रांनो. तंजावुरात मला तलैयाट्टी बोम्मै म्हणतात. कागदाचा लगदा, चार रंग आणि मानेखाली एक तार, एवढाच माझा जन्म. कुणीही टिचकी मारावी आणि मी होकार द्यावा. वीस वर्षं सरोजाअक्कांच्या काचेच्या कपाटातून मी आल्यागेल्याला होकार दिला. कौतुक फार झालं. स्वतःचं मत नसलेल्याचं होतंच.

पुढे काचेवर धूळ साचली, टिचक्या थांबल्या. मग अक्कांनी इथं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी रविवारचा वर्ग काढला आणि मला नोकरी लागली. मुलांना मराठी कळायचं, पण उत्तर तमिळमध्ये यायचं. म्हणून अक्कांनी नाटकाचा खेळ आणला. एकानं कालव्याचं पाणी अडवायचं, दुसऱ्यानं तक्रार करायची, बाकीचे पंच. जो मला टिचकी मारील त्यानं माझी मान डोलते तोवर बोलायचं, मराठीतच, आणि कारण देऊन. मुलं बोलू लागली. दहा वर्षांची अखिला तेवढी नाही. वर्गात नुसती मान हलवणाऱ्या दोघीच, ती आणि मी.

गेल्या रविवारी इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष हनुमंतराव आले; मुलं त्यांना तात्या म्हणतात. मंडळाचं संमेलन जवळ आलंय, हा पोरखेळ बंद करा आणि श्लोक पाठ करून घ्या, म्हणाले. अक्कांनी परोपरीनं विनवलं. तेव्हा त्यांनी वर्गावर नजर फिरवून नेमकं अखिलाला उभं केलं.

"हिनं पटवून दिलं तर खेळ राहील."

माझी तार गंजलेली. पूर्वी मिनिटभर डोलायचे, आता त्याच्या निम्मं. अखिलाला हे माहीत होतं. तिनं टिचकी मारली आणि गप्प उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच मला मनापासून डोलत राहावंसं वाटलं.

माझा वेग मंदावला तेव्हा ती बोलली.

"तात्या, गेल्या संमेलनात मी श्लोक म्हटला. तुम्ही बक्षीस म्हणून कॉफीचा डवरा-टंबलर, वाटी-पेला दिलात."

"दिला. एक चूक नव्हती."

"अर्थ विचारला नाहीत. मला ठाव नव्हता."

कुणी हललं नाही. मीच तेवढी, तीही जेमतेम.

"खेळात कारण विचारतात. म्हणून..."

माझी मान थांबली. नियम तो नियम, अखिलानं तोंड मिटलं. अक्कांनी डोळे मिटले. हनुमंतराव माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचं बोट पुढे आलं आणि मला टिचकी बसली.

"अप्परम्?" म्हणजे, मग पुढे? चक्क तमिळमध्ये.

"टिचकी तुम्ही मारलीत, तात्या," अखिला म्हणाली. "आता तुमची पाळी. मराठीत. कारण देऊन."

अध्यक्षांना कारण सापडेपर्यंत मी पुन्हा थांबायला आले होते.

"मला पुढचं ऐकायचंय," ते म्हणाले. "कारण... मलाही कधी कुणी अर्थ विचारला नव्हता."

खेळ राहिला. मित्रांनो, माझ्या तारेला अधूनमधून तेलाचा एक थेंब द्या, पोरांना बोलायला वेळ पुरत नाही. आणि माझ्याकडून मान डोलावणं तेवढं शिकू नका. त्या कामाला मी आहे.