अमर कासवाचा निवाडा

"पत्ता हातात घ्यायचा, बाई, आणि तळापर्यंत वाचायचा. आपल्या मनात काय आहे ते त्याच्यावर शोधायचं नाही."

खेळांच्या दुकानाचे म्हातारे मालक पंचगिरी शिकवताना हे सांगत, ते पंचबाईंच्या कानात अजून होतं. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या बाईला वाचायचं कसं हे कोणी शिकवावं? त्यांना तेव्हा जरा लागलंच होतं. पण ऐकून घेतलं. मालक गेले आणि दर रविवारच्या पत्त्यांच्या स्पर्धेची पंचगिरी त्यांच्या गळ्यात पडली. आज पंचाईत अशी, की शेवटच्या डावाला समोरासमोर बसल्या त्यांची लेक आणि त्यांची सून. मोठ्या स्पर्धेत जागा एकीलाच.

"आई," बसताबसताच सून म्हणाली, "निवाडा चुकला तर चुकला म्हणाल ना? सगळ्यांसमोर?"

"म्हणेन. शब्द देते."

"वहिनी, हरायच्या आधीच रडगाणं?" लेकीने चिमटा काढला.

"रडगाणं नाही हो वन्सं. पंच तुमची आई आहे, एवढंच आठवलं."

दुकानभर खसखस पिकली.

तासाभराने लेकीच्या प्राण्यांच्या पत्त्यांतलं मैदानात एकच कासव उरलं. ते वाटेतून हटलं की सुनेचा पुढचा घाव थेट, आणि डाव तिचा. सुनेने 'वणवा' टाकला: मैदानात असेल किंवा येईल तो प्राणी जळेल. लेकीने सावकाश 'संजीवक' उघडा केला: आपला प्राणी मेला, की लगेच परत येईल.

कासव जळालं. परत आलं. आल्याआल्या जळालं. पुन्हा आलं. लेक त्याला वर ठेवी, सून खाली ढकली, आणि बघे मोठमोठ्याने मोजू लागले.

"माझं कासव अमर आहे!"

"अमर कसलं डोंबलाचं, मिनिटाला दहादा मरतंय!"

"सतरा!" मागून आवाज आला.

"पंच!" दोघी एकदमच ओरडल्या.

पंचबाईंनी चष्मा पुसला. संजीवक सोनेरी चौकटीच्या जाड पारदर्शक कव्हरात होता. सकाळीच अदलाबदलीत मिळालेला, कव्हरासकट. त्यांनी कव्हराला बोट लावलं मात्र, लेक किंचाळली, "आई, काढू नकोस! कोपरा दुमडला तर त्याला कुत्रं विचारणार नाही." या मंडळींत दुसऱ्याचा पत्ता कव्हराबाहेर काढणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र फोडण्याइतकंच वाईट. बाईंनी वरूनच वाचला.

"'हवं तर' असा शब्द दोन्ही पत्त्यांवर नाही. म्हणजे हे थांबवणं कोणाच्याच हातात नाही. डाव बरोबरीत. आधीच्या फेऱ्यांत हिचे गुण जास्त, म्हणून जागा..." त्यांनी लेकीकडे बोट केलं, "हिची."

"वाटलंच मला," सून म्हणाली आणि पत्ते गोळा करून खिडकीपाशी जाऊन बसली. फोन उगाचच खालीवर करत राहिली. या जागेसाठी ती वर्षभर एकही रविवार चुकली नव्हती.

"आई, माझी पत्त्यांची डबी भर ना," अर्ज भरायला धावताना लेक म्हणाली. "झाकण लागत नसेल तर काढ संजीवकाचं ते कव्हर, पण अगदी हळूच हं!"

झाकण लागेना. बाईंनी पत्ता अलगद बाहेर ओढला. चौकटीखाली झाकलेली बारीक ओळ वर आली: 'एका डावात एकदाच.'

म्हणजे कासव दुसऱ्या खेपेलाच गेलं होतं. पुढे पंधरा वेळा त्या बिचाऱ्याला उगाच जाळलं.

कोणाचंच लक्ष नव्हतं. पत्ता पुन्हा आत सरकवला असता, तर ओळ झाकली गेली असती आणि लेकीचा रुसवा टळला असता. समोरच्या टेबलाशी लेक कोणाकडे तरी पेन मागत होती. हसू तोंडभर.

बाईंनी देवाचं नाव घेतलं. पत्त्याचे कोपरे जपत तो दोन बोटांत धरला, खुर्ची आवाज न करता मागे सारली आणि त्या टेबलाकडे निघाल्या.