भारताच्या खुर्चीत वैष्णवी

"आजोबा, मी हे बोलणार नाही," म्हणत वैष्णवीने कागद टेबलावर आपटले, आणि सेवउसळीचा रस्सा थेट त्या कागदांवर उडाला.

पिलाजीरावांनी शांतपणे आणखी मूठभर शेव घालून घेतली. जुन्या शहरातल्या वाडी भागात उभा जन्म स्कूटरी दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. खडखडाटाने घाबरायची सवयच राहिली नव्हती. त्यातून गोत्रीच्या फ्लॅटमधली रविवार सकाळ आणि समोर गरम उसळ.

"काय झालं ते बोल ने आधी."

नातीच्या कायद्याच्या कॉलेजात दुपारी देशोदेशींची लुटुपुटीची परिषद होती. दुसऱ्या देशावर चढाईचा हुकूम देणाऱ्या पुढाऱ्याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात उभं करावं, असा ठराव. कोण कुठल्या देशातर्फे बोलणार ते चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. वैष्णवीला भारत आला. भारत त्या न्यायालयाचा सदस्यच नाही, तेव्हा तिला नकार मांडायचा होता.

"हुकूम देणाऱ्यालाच धरतात? जवानाला नाही?"

"नाही. फक्त वरचा माणूस."

"झकास कायदा आहे की मग."

"तेच तर म्हणते. श्रीपतआजोबांच्या घरातली मी, आणि 'नको' म्हणू?"

श्रीपतराव म्हणजे पिलाजीरावांचे थोरले भाऊ. दोघे एकाच दिवशी भरतीला गेले. श्रीपतला घेतलं, पिलाजीला पायांच्या सपाट तळव्यांमुळे घरी धाडलं. एकाहत्तरच्या लढाईत श्रीपत गेला. आपल्या तळव्यांवर पिलाजीराव चारचौघांत भरपूर विनोद करत, पण भावाची आठवण निघाली की त्यांना अजून रडू यायचं आणि ते लपवायच्या भानगडीत ते पडत नसत. आताही त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि वर तिखटावर खापर फोडलं.

"बरं, सरकार का नको म्हणतं?"

"सुरक्षा परिषदेतले पाच बडे देश आहेत ना, कुठलं प्रकरण न्यायालयाकडे धाडायचं, कुठलं रोखून धरायचं, यात त्यांचा हात. आणि त्यातले तिघं स्वतः सदस्यच नाहीत."

"म्हणजे स्वतः खेळायचं नाही आणि शिट्टी मात्र यांच्या हातात. हे खोटं आहे का?"

"खोटं नाही, पण..."

"मग नीट बोल. अर्ध्या मनाने बोललीस तर समोरचे जिंकतील, पण फुकटचे जिंकतील. श्रीपतला तसलं फुकटचं काही आवडायचं नाही. आणि ती उसळ संपव, शेव नरम पडली."

दुपारी इस्त्रीचा सफारी घालून पिलाजीराव पहिल्या रांगेत बसले. भाषण इंग्रजीत होतं. त्यांना निम्मंच कळलं, त्यामुळे टाळ्या दोनदा भलत्याच ठिकाणी पडल्या आणि मागची पोरं हसली. पण वैष्णवी ठणठणीत बोलली. पाच बड्यांचा मुद्दा आला तेव्हा विरोधी बाकावरचा हार्दिक नुसता पेन चावत बसला. पिलाजीरावांची छाती अभिमानाने फुलली.

मग मतदान आलं. "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," अध्यक्ष झालेल्या मुलीने सांगितलं.

इकडेतिकडे हात वर झाले. वैष्णवीचा हात ठरल्याप्रमाणे टेबलावर होता. मोजता मोजता ती मुलगी पहिल्या रांगेपाशी थबकली.

"दादा, प्रेक्षकोने वोट नथी," पिलाजीरावांच्या वर गेलेल्या हाताकडे बघत ती हळूच गुजरातीत म्हणाली.

"खबर छे, बेटा. तमे गणता नहीं." माहीत होतं त्यांना, फक्त मोजू नको म्हणाले.

सभागृहात खसखस पिकली. वैष्णवी मात्र हसली नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. पिलाजीरावांचा खांदा भरून आला होता. तरी बाकीचे सगळे हात मोजून खाली येईपर्यंत त्यांनी आपला हात वरच ठेवला.