मुकी कबड्डी

बिल्किसने उन्हाळी वर्ग काढला तो मुलगी बोलती व्हावी म्हणून, आणि वर्गाला जागा मिळाली ती कुणी बोलणार नाही या अटीवर.

तिची तूबा आठ वर्षांची. दापोलीहून बहारीनला आली त्याच आठवड्यात शाळेत नाव पुकारल्यावर उभी राहून खणखणीत "हजर" म्हणाली. तिथे सगळे "प्रेझेंट" म्हणत. वर्ग हसला. तेव्हापासून सहा महिने तिने तोंड उघडलं ते फक्त जेवायला. शाळेत नाही, घरातही नाही. तिचा बाप नझीर मनामाच्या बाजारात कापडाच्या दुकानात होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याने सांगून टाकलं, "सप्टेंबरात शाळा उघडेपर्यंत बोलली तर ठीक. नाय तर आजीकडे गावी पाठवतो." 

पोरांत राहिली तर बोलेल, असं बिल्किसच्या मनाने घेतलं. बिल्डिंगमधली बाकीची पोरंही सुट्टीभर फ्लॅटमध्ये कोंडलेली होती. आईबाप कामावर, आणि बाहेर चप्पल डांबराला चिकटेल असं ऊन. चौथ्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा होता. बिल्डिंगचा कारभार बघणाऱ्या वसईच्या मॅथ्यूने चावी दिली. "पण खाली तिसऱ्यावर सित्राच्या कारखान्यांतली नाइट शिफ्टवाली माणसं झोपतात हां. एक तक्रार आली की खलास."

अकरा पोरांनी गुपचूप करण्यासारखं सगळं चार दिवसांत उरकलं. मग त्यांना कबड्डी हवी झाली. कबड्डी न म्हणता दम कसा मोजायचा? बिल्किसने तोडगा काढला. चढाई करणाऱ्याने टिश्यू पेपरची पट्टी ओठांपुढे धरायची. फुंकरीने पट्टी फडफडतेय तोवर दम शाबूत, थांबली की बाद. दोन गालिचे अंथरले, आणि रोज दहा ते बारा अनवाणी, बिनआवाजी कबड्डी सुरू झाली.

सगळ्यांत पटाईत निघाली तूबा. सहा महिने दम कुठे खर्चच केला नव्हता. पण जिंकूनही ती बोलली नाही. बिल्किस पोरांसमोर टाळ्यांचा अभिनय करायची आणि घरी येऊन न्हाणीघरात रडायची.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तूबा दोघांना शिवून परत आली. समोर अर्सलान होता, हरायला लागला की नवा नियम काढणारा. तो कुजबुजला, "आउट. पट्टी थांबली होती."

तूबाने त्याच्याकडे पाहिलं.

"लबाड! मी दम नाय सोडला! झूट बोलतोस!"

चारही मजल्यांनी ऐकलं. दहा पोरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि बिल्किसकडे पाहिलं. गप्प करणं तिचंच काम होतं.

"काय म्हणालीस?" बिल्किस म्हणाली. "मला नाय ऐकू आलं."

तूबाने पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने. मग जुलैपासून अर्सलानने कधी, कुठे, किती वेळा लबाडी केली ते सांगायला घेतलं. एवढ्यात दारात लुंगीतला शैलेंद्र उभा राहिला, तिसऱ्या मजल्यावरचा, डोळे लालभडक. मागे मॅथ्यू.

"दोन मिनिटं थांबा," बिल्किस म्हणाली. "तिचं होऊ दे."

ते थांबले. तूबाचं पंधरा मिनिटांनी झालं. मग मॅथ्यूने चावी मागून घेतली आणि वर्ग संपला.

एक वाजता नझीर जेवायला आला. बिल्किसने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तिला पाठवू नये म्हणून बोलतेस." तूबा दमून गाढ झोपली होती. तिला उठवायचा धीर त्याला होईना आणि ती उठेपर्यंत थांबवेना. तो तसाच जिना उतरला. बिल्किस मागोमाग गेली.

त्याने तिसऱ्या मजल्यावरचं दार ठोठावलं. शैलेंद्र दिवसात दुसऱ्यांदा उठून आला.

"माफ करा, भाऊ. सकाळी वरती कोण ओरडली?"

"तुमची मुलगी. आणखी कोण?"

"काय म्हणाली?"

शैलेंद्रने सांगितलं. शब्द न् शब्द.

नझीरने चौकटीला हात टेकला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता. "पुन्हा सांगाल?"

शैलेंद्रने एकदा आतल्या गादीकडे पाहिलं. मग चौकटीला टेकून त्याने जुलैपासून सुरुवात केली.