वाचून दाखवू नका

औषधांच्या त्या घाऊक कंपनीत आकड्यांचं काम करणारी माणसं पुष्कळ होती. पण कुठल्या गोदामात कुठलं औषध पडून राहतं आणि का, हे विचारायचं झालं की सगळ्यांची पावलं तिच्याच टेबलाकडे वळायची. तिला आकडेताई म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते कुणाला आठवत नव्हतं, आणि तिलाही ते आवडून गेलं होतं.

शाळा संपता संपता तिची नजर कमी होत गेली होती आणि कॉलेजात असताना पार गेली. त्याला आता इतका काळ लोटला होता की त्याचं दुःख करायला तिला सवड नसायची. संगणकावरचा मजकूर वाचणारा आवाज दिवसभर तिच्या कानात चालू असे, तोही इतका भरधाव की शेजारून जाणाऱ्याला वाटावं, हिचा रेडिओ बिघडलाय. त्या आवाजाच्या जोरावर ती लांबच लांब तक्ते वाचायची, सूत्रं लिहायची आणि दुसऱ्यांच्या सूत्रांतल्या चुका काढायची. अडायचं ते एकाच ठिकाणी. आलेख समोर आला की आवाज म्हणायचा, "चित्र." आणि गप्प बसायचा.

साप्ताहिक बैठकीत तर सगळा कारभार आलेखांवरच चाले, आणि त्यांमागचे तक्ते तिथल्या तिथे उघडून वाचायला सवड नसे. भिंतीवर रेघा उमटायच्या, कुणी हुंकार द्यायचं, कुणी कपाळाला हात लावायचं, आणि हे सगळं कशावरून चाललंय ते तिला शेजारी बसणारा तरुण सहकारी हळू आवाजात सांगायचा. निळी वर चाललीय, हिरवी जागची हलत नाही, वगैरे. मुलगा मोठा लाघवी होता. उत्तर विभागाचं काम पाहायचा आणि तिला सख्ख्या बहिणीसारखं मानायचा.

एका बैठकीत त्याने सांगितलं, की उत्तरेची रेघ जराशी खाली आली आहे. तिने त्या भरवशावर टिपण लिहून वरिष्ठांकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी भलत्याच कामासाठी तिने तक्ता उघडला तर उत्तर विभाग सपशेल कोसळला होता. सगळ्या विभागांत सर्वांत जास्त घट तिथेच होती. तिने त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो आधी चुळबुळला, मग त्याने खरं ते सांगून टाकलं.

"ताई, विभाग माझाच ना. तोंडातून 'जराशी'च निघालं."

तिला त्याचा राग आला नाही. तिच्या मनाला लागलं ते वेगळंच. इतक्या वर्षांत अशा किती जणांच्या 'जराशी' तिने मुकाट्याने गिळल्या असतील, आणि त्यांवर केवढाली टिपणं लिहिली असतील? ते आता कधीच कळणार नव्हतं. त्यातच त्याची बदली ठरली. म्हणजे येत्या महिन्यापासून दुसरं कुणीतरी शेजारी बसणार, आणि त्या माणसाचाही एखादा लाडका विभाग असणारच.

त्याच सुमारास कंपनीतल्या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. तिच्यात एआय होतं. आलेखावर एक बटण दाबलं की तो आलेख काय सांगतोय ते शब्दांत मांडून मिळे, आणि उलट प्रश्नही विचारता येत. बातमी ऐकून ती खुर्चीतल्या खुर्चीत ताठ बसली. पण लगेच दोन गोष्टी कळल्या. एक तर कंपनीने एआयचा सगळा भाग बंद ठेवला होता. आणि तो चालू झाला असता तरी तिला उपयोग नव्हता, कारण बटण दाबल्यावर उत्तराची जी तरंगती चौकट उघडायची, तिच्यात तिच्या वाचणाऱ्या आवाजाला शिरकावच नव्हता.

तिला हवं होतं ते बटणामागचं यंत्र. म्हणजे डेव्हलपर अ‍ॅक्सेस. तो मिळाला तर ती स्वतःचा छोटासा प्रोग्राम लिहिणार होती. तो आलेख एआयकडे धाडेल, आलेलं उत्तर साध्या मजकुरात तिच्या आवाजाच्या हवाली करेल, आणि तिचा पुढचा प्रश्न परत घेऊन जाईल. सॉफ्टवेअर बनवणारे असा अ‍ॅक्सेस निवडक लोकांना चाचणीसाठी देत होते. तिने अर्ज केला. उत्तर लगोलग आलं. अर्ज उत्तम आहे, पण तुमच्या कंपनीच्या अ‍ॅडमिनने परवानगी चालू केल्याशिवाय आमचे हात बांधलेले आहेत.

आणि कंपनीचा अ‍ॅडमिन म्हणजे फाटक.

त्याचं आडनाव फाटक नव्हतं. माहितीच्या सुरक्षेचा प्रमुख होता तो, आणि काहीही मागायला जा, तो आडवा उभा राहायचा म्हणून लोकांनी ते नाव ठेवलं होतं. तिने रीतसर विनंती नोंदवली. 'माहिती बाहेर जाण्याचा धोका' एवढा एक शेरा मारून विनंती बंद झाली. नेमकी कुठली माहिती, असं विचारून तिने ती पुन्हा उघडली. ती पुन्हा बंद झाली. तिने पुन्हा उघडली. असा खेळ काही दिवस चालला, तेव्हा विभागप्रमुख बाईंनी तिला बोलावून घेतलं.

बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, की कशाला त्या माणसाशी डोकेफोड करतेस, मी तुला एक मदतनीस देते. बैठकीत आणि एरवीही तो तुला प्रत्येक आलेख वाचून दाखवेल.

"वाचून दाखवणारं माणूस नकोय मला," ती म्हणाली. "त्याला जे दिसेल तेच तो सांगणार. मला जे विचारायचंय ते मलाच विचारू द्या."

बाईंनी कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, की फाटकच्या कामात लुडबूड करणं माझ्या हातात नाही, पण तू प्रयत्न केलास तर मी आड येणार नाही. चहा प्यायची आठवण दोघींनाही राहिली नाही.

घरी सासूबाईंनी तिच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं. सासूबाई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांच्या बोलण्यात अजून कुणाला तरी कुणाशी तरी जोडून देण्याची घाई असे. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत त्यांनी सगळी हकिगत ऐकली. मधे एकदा फाटकचं नाव ऐकून खुदकन हसल्या. मग विचारलं, की हा माणूस 'नाही' म्हणतो, ते स्वतःच्या मनाने म्हणतो की कुणाचा निरोप सांगतो?

"ते कसं कळणार, आई?"

"समोर बसून. लेखी उत्तराला काय, आवाज नसतो. तू तर माणसाच्या श्वासावरून ओळखतेस. मग यंत्रातून भांडत का बसली आहेस?"

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत तळमजल्यावर गेली. फाटकची खोली सर्व्हरच्या खोलीला लागून होती. भिंतीपलीकडून अखंड घरघर यायची आणि हवा इतकी गार, की भर मे महिन्यातही तो स्वेटर घालून बसतो, असं लोक सांगत. तिला पाहून तो गडबडला. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, पण ती तिला कुठे ठेवलीय ते सांगायला तो विसरला. तिने ती शोधून काढली आणि बसली.

"मी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "तुम्हाला भीती नेमकी कशाची वाटते, तेवढं सांगा. मी ऐकून घेते."

दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग तो सावकाश बोलू लागला. आधीच्या नोकरीत कुणीतरी त्याच्या नकळत असंच एक नवंकोरं साधन चालू केलं होतं. त्यातून रुग्णांची नावं आणि आजार भलत्याच ठिकाणी पोचले. ज्याने ते चालू केलं तो नामानिराळा राहिला आणि त्या कुटुंबांसमोर उभं राहावं लागलं ते याला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला काहीच बोल लावला नाही, नुसतं विचारलं, की आता माझ्या सुनेला हे कुणी सांगितलं असेल? तो प्रश्न त्याच्या डोक्यातून अजून गेला नव्हता. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता.

तो कुणाचा निरोप सांगत नव्हता, हे तिला आवाजावरूनच कळलं. 'नाही' त्याचं स्वतःचं होतं, आणि त्याला कारणही होतं. तिला वाटलं, अशा माणसाशी बोलता येतं.

तिने मग आपला बेत मांडला. सॉफ्टवेअरमध्ये एक वेगळा कप्पा करायचा. त्यात कंपनीचा एकही खरा आकडा नाही. सगळे आकडे ती मनाने रचणार. अ‍ॅक्सेस फक्त त्या कप्प्यापुरता आणि फक्त तिच्या नावावर. ती काय पाठवते आणि काय परत येतं, त्याची नोंद थेट फाटककडे. शंका आली तर त्याने विचारायचंसुद्धा नाही, सरळ बंद करून टाकायचं. त्याने चार आडवेतिडवे प्रश्न विचारले. तिने तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि चौथ्याचं उत्तर मला ठाऊक नाही असं सांगितलं. त्या चौथ्यावरच तो विरघळला असावा. दिवस मावळायच्या आत परवानगी चालू झाली होती.

प्रोग्राम लिहिताना तिच्या नाकी नऊ आले. कधी उत्तर यायचंच नाही, कधी अर्धवट यायचं, कधी सगळी विरामचिन्हं शब्दांसारखी वाचली जायची. ती इरेला पेटली होती. शेवटी एका दुपारी, आजूबाजूचे लोक जेवायला गेलेले असताना, तिच्या कानातला आवाज "चित्र" न म्हणता बोलू लागला. दक्षिणेची विक्री हळूहळू चढली, मग सपाट झाली, पश्चिमेने तिला मागे टाकलं. तिने प्रश्न टाईप केला, की कधी मागे टाकलं? उत्तर आलं. ती कितीतरी वेळ हाताचा पंजा टेबलावर दाबून तशीच बसून राहिली.

मग ती भराभर चाचण्या घेऊ लागली, आणि तिथेच माशी शिंकली. एका आलेखाबद्दल एआयने ठामपणे सांगितलं, की विक्री दुपटीहून जास्त झाली. तिला हसूच आलं. ते आकडे तिने स्वतः रचले होते आणि त्यांत वाढ होती किंचित. शोधता शोधता उलगडा झाला. आलेखाची उभी पट्टी शून्यापासून सुरू न होता मधूनच सुरू होत होती, त्यामुळे बारीकशी वाढ डोळ्यांना डोंगराएवढी दिसे. एआयने चित्र पाहिलं होतं आणि चित्राने त्याला फसवलं होतं.

ती हसायची थांबली. ही चूक फाटकला सांगितली तर तो त्या क्षणी कुलूप लावणार. नाही सांगितली तर, नोंदींमध्ये त्याला ती सापडेलच असंही नव्हतं. त्या रात्री ती दोन्ही बाजू तोलत राहिली. पण सकाळी उठली ती ठरवूनच, आणि टेबलाशी न जाता थेट तळमजल्यावर गेली.

तिने सगळं सांगितल्यावर त्याने विचारलं, "हे तुम्ही माझ्यापासून लपवू शकला असतात. मग सांगितलंत का?"

"कारण चुकीचं सांगणारं आणखी कुणी मला नकोय. माणूसही नको नि यंत्रही नको."

तो उपाय विचारू लागला. उपाय तिच्यापाशी होता, पण सांगायचा म्हणजे संकट होतं. एआयकडे चित्र पाठवायचंच नाही, चित्रामागचा तक्ता पाठवायचा, आणि प्रत्येक विधानापाठोपाठ ते ज्या आकड्यांवर उभं आहे ते आकडेही ऐकवायचे. म्हणजे कुणालाही ताडून पाहता येईल. मात्र पुढे खऱ्या कामात याचा उपयोग व्हायचा तर कंपनीचे खरे तक्ते एआयकडे पाठवायची परवानगी लागणार, आणि फाटकचा सगळ्यात कडक नकार नेमका तिथेच होता. तिने आवाज न चढवता तेही बोलून दाखवलं. तो "बघतो" म्हणाला. त्या 'बघतो'चा अर्थ लावण्यात तिचा अख्खा दिवस गेला.

पुढच्या दिवशी तो वर आला. फाटक जिना चढून वर आला, याचीच मजल्यावर केवढी चर्चा झाली. ज्यांत एकाही दुकानदाराचं, एकाही रुग्णाचं नाव नाही असे तक्ते त्याने निवडून वेगळे काढले होते. तेवढ्यांपुरता अ‍ॅक्सेस तो देणार होता. आणि त्याची एक अट होती. आकडे ऐकवण्याची ती युक्ती पुढे ज्याला ज्याला एआय मिळेल त्या सगळ्यांना बंधनकारक करायची. नियम तिने आणि त्याने मिळून लिहायचा.

नंतरच्या बैठकीत ती कानात बारीकसा श्रवणयंत्रासारखा स्पीकर घालून बसली. शेजारची खुर्ची रिकामी होती, तरुण सहकारी नव्या जागी रुजू झाला होता. पूर्वेचा आलेख आला. तिने एआयला आपला प्रश्न टाईप केला, आकडे ऐकले, आणि तिला एक गोष्ट खटकली. ती सरळ बोलली, की पूर्वेकडून परत येणारा माल वाढतोय आणि दोष वाहतुकीचा आहे. तिने मुद्दा चांगला लावून धरला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की तो माल आपणच परत मागवला होता, त्या औषधाची वेष्टनं बदलायची होती. तक्त्यात तसा शेरा आहे.

शेरा होता. तिने तो रकाना मागवलाच नव्हता. दोघंतिघं हसले आणि तीही हसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. ही चूक कुणाच्या डोळ्यांची नव्हती, कुणी मऊ करून तिच्या हाती दिलेली नव्हती, सगळीच्या सगळी तिची होती. हे तिला इतकं बरं वाटलं की पुढचा आलेख यायच्या आतच तिने दुसरा प्रश्न टाईप करायला घेतला.

वर्ष सरताना तिच्या सगळ्या विभागाला अ‍ॅक्सेस मिळाला. रंग नीट ओळखू न येणारा हिशेब खात्यातला एक जण आपणहून तिच्याकडे शिकायला आला. गोदामांच्या देखरेखीवरच्या बाईंनी विचारून ठेवलं, की आम्हाला आमच्या बोलीत प्रश्न विचारता येतील का. तिने फाटकला फोन लावला. तो "नाही" म्हणाला. ती काठी घेऊन तळमजल्याकडे निघाली.