बाटली जळाली, पंप उरला

मित्रांनो, मी एक जुना फवारणीचा पंप आहे. आर्णीच्या पुढे एका बंजारा तांड्यात, देवसिंगच्या घराच्या पडवीत मी उभा असतो. माझं पोट निळ्या प्लास्टिकचं आहे. बाजूचा दांडा वरखाली केला की आत दाब तयार होतो आणि औषधाचं पाणी नळीतून नोजलकडे जातं. तिथून निघणारे थेंब इतके बारीक असतात, की ते लगेच खाली पडत नाहीत. वारा नेईल तिकडे जातात.

देवसिंग मला नीट वागवायचा. वॉशर झिजला की बदलायचा, पट्टा उसवला की स्वतः शिवायचा. तांड्यात म्हणायचे, फवारावं तर देवसिंगनंच, एक पान कोरडं राहत नाही. ते ऐकून मलाही बरं वाटायचं.

त्या वर्षी कपाशी त्याच्या डोक्यावर गेली होती. नोजल वर धरावं लागे आणि तुषार त्याच्याच अंगावर येत. शेजारचा भावसिंग बांधावरून ओरडला, "तोंडाले फडकं बांध ना बे!"

"फडकं बांधलं तं बिडी कशी ओढू?"

"बिडी तरी ओढ, नाई तं अळी तरी मार. दोन्ही कायले करतं?"

दोघंही हसले. दुपारी देवसिंगला एका झाडाची दोन झाडं दिसू लागली. घाम फुटला, उलट्या सुरू झाल्या. त्यानं मला कसंबसं पाठीवरून उतरवलं. यवतमाळच्या दवाखान्यातून तो जिवंत परतला नाही.

नंतर बायांनी त्याचे कपडे आणि अंथरूण तांड्याबाहेर नेऊन जाळलं. त्याच्या बायकोनं, जमनीनं, औषधाच्या रिकाम्या बाटल्याही खोक्यासकट त्याच आगीत टाकल्या. "लेकरायच्या हाताले लागतीन," ती म्हणाली. मला तिनं राखेनं घासून धुतलं. सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं. मलाही वाटलं.

पुढच्या वर्षी यवतमाळहून अंजू वकील आल्या. त्यांनी समजावलं, की ज्या कंपनीवर संशय आहे तिचं मुख्य कार्यालय दूरच्या देशात आहे. हे औषध तिथल्या शेतात फवारायला बंदी आहे, पण इकडे विकायला नाही. म्हणून फवारणीत माणूस गमावलेली काही कुटुंबं मिळून तिच्याच देशातल्या कोर्टात दाद मागणार होती.

जमनीनं विचारलं, "माह्यं बोलणं आयकतीन का थे लोकं?"

"ऐकतील मावशी. काय सांगायचं आहे?"

"सांगाचं काई नाई, इचाराचं हाय. तुमच्या वावरात चालत नाई, तं आमच्या वावरात काहून धाडलं?"

अंजूताईंनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. मग म्हणाल्या, "आधी बाटली त्याच कंपनीची होती, हे दाखवावं लागेल. बाटली कुठे आहे?"

जमनीची मुलगी बबिता हळूच म्हणाली, "याडीनं जाळली. म्हंजे मायनं."

पक्कं बिल नव्हतं. दुकानदाराकडे तसंच औषध आणखी तीन कंपन्यांचं होतं. उरलो होतो मी. माझ्या वॉशरच्या खाचेतला मळ खरवडून प्रयोगशाळेत नेला. मी आनंदलो होतो, मित्रांनो. वाटलं, आता मला साक्ष देता येईल. अहवाल आला. औषध तेच होतं. पण त्याचा रेणू कोणत्याही कारखान्यात तयार झाला तरी तो सारखाच असतो. त्याच्यावर कंपनीचं नाव नसतं, आणि एवढ्याशा मळातून कारखाना ओळखता येत नाही.

ज्यांच्याकडे बाटल्या किंवा त्यांचे फोटो होते, त्या कुटुंबांचा दावा पुढे गेला. जमनीचं नाव त्यात आलं नाही.

"तुमची चूक नाही, मावशी," अंजूताई म्हणाल्या.

"लेकरं वाचवाले गेलती मी," जमनी म्हणाली. "वाचली कंपनी."

यंदा फवारणीच्या दिवसांत भावसिंग आला. "वहिनी, पंप दे ना दोन रोजाले. माहा फुटला."

जमनी आत गेली, विळा घेऊन आली आणि माझ्या पोटात खुपसला.

"अवं, चांगला होता ना!"

"चांगला होता म्हणूनच," ती म्हणाली आणि पाणी भरायला निघून गेली.

मला राग आला नाही. आता मी कोणाच्याच पाठीवर जाणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी फवारत असेल तर त्यांना तोंड बांधायला लावा, पक्कं बिल घ्यायला लावा. रिकामी बाटली टाकण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा. आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी देशादेशांमधल्या व्यापाराचे कायदे लिहायला बसलं, तर एवढं करा. विष कोणाचं, हे ज्यांनी विकलं त्यांनाच सांगायला लावा. ज्या घरात माणूस गेला, त्या घराला बाटली मागू नका.