धाकूकाकांचा बेंजो

प्रीतमचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. वाकोल्यातल्या ज्या बेंजो पार्टीचा मालक म्हणून तो आज मिरवतो, ती आमच्या ह्यांनी उभी केली. मग ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बेंजोच्या पट्ट्या दाबायला डावा हात तयार, पण तारा छेडायला उजवाच लागतो.

नितेश, आमचा मुलगा, कॉम्प्युटरवाला. म्हणाला, "बाबा, छेडायचं काम कॉम्प्युटर करेल." मला त्याने समजावलं ते असं: आवाज टेप करायचा नाही, तारच बनवायची. नुसती खरखर आत सोडायची, ठरावीक उशिराने ती परत तिथेच आणायची, पुन्हा फिरवायची. उशीर कमी तर सूर चढा, जास्त तर खालचा. दर फेरीत थोडी झीज होऊ द्यायची, म्हणजे खऱ्या तारेसारखा आवाज विरत जातो. झीज किती, ते मात्र ह्यांचा कान सांगायचा. बापलेक त्यावरून महिनोन्महिने भांडले. शेवटी एका दुपारी ह्यांनी एकट्या डाव्या हाताने कीबोर्डवर अख्खं गाणं वाजवलं आणि मी देवापुढे साखर ठेवली.

प्रीतम ऐकायला आला. "झकास, काका! यंदा गणपतीच्या आगमनाला तुम्हीच वाजवायचं." जाताना तो आवाज स्वतःच्या लॅपटॉपमध्येही भरून घेतला, ऐनवेळी अडचण नको म्हणून. आमचा भोळा सांब देऊन मोकळा झाला.

आगमनाच्या दिवशी हे पार्टीचा टी-शर्ट घालून सकाळपासून तयार. जाऊन बघतो तर टेम्पोवर कीबोर्डपाशी अल्पेश नावाचा पोरगा, दोन्ही हातांनी सुसाट.

"काका, आवाज तुमचाच आहे ना? मग उगाच दगदग कशाला?" प्रीतम म्हणाला. ह्यांच्या खांद्यावर शाल टाकली, खुर्चीत बसवलं आणि माइकवर ओरडला, "धाकूकाकांचा बेंजो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. जित्या माणसाच्या फोटोला हार घातला मेल्याने.

हे घरी आले. कीबोर्डवर तीच शाल टाकली आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

विसर्जनाच्या आधी प्रीतम पुन्हा दारात. संथ गाण्यात सूर लवकर विरतो, तेवढं सुधारून हवं होतं. नितेशने तुटक सांगितलं, त्याला बाबांचाच कान लागतो.

"काका, सूर किती टिकायला हवा, तेवढं सांगा ना."

मी लाटणं घेऊनच बाहेर आले. ह्यांनी हातानेच मला थांबवलं.

"माका कित्याक इचारतंस?" हे म्हणाले. "आवाज माझोच ना? मगे तेकाच इचार."